शिट्टी वाजली की उठायचं

सहकुटुंब सहलीत माणूस दमतो तो फिरून नव्हे, ठरवून. निघायचं कधी, रेल्वेने जायचं की गाडी काढायची, हॉटेल तळ्याकाठचं घ्यायचं की बाजाराजवळचं, नाश्ता भाड्यात धरलाय का, धरला असेल तर पोहे मिळणार की नुसता ब्रेड, हे ठरवता ठरवता निम्मी सुट्टी संपते. उरलेली निम्मी आपण ठरवलेलं कसं चुकलं हे इतरांकडून ऐकण्यात जाते. ‘मी आधीच म्हटलं होतं’ हे वाक्य महाबळेश्वरच्या हवेत जेवढं खुलतं तेवढं घरी खुलत नाही. शेवटी माणूस ऑफिसात परत येतो, खुर्चीत टेकतो आणि सुटकेचा निःश्वास टाकतो. कारण ऑफिसात निदान ठरवणारा साहेब तरी असतो.

म्हणून डोक्याला खरोखर सुट्टी हवी असेल तर एखाद्या मोठ्या गटात नाव नोंदवावं आणि चालत सुटावं. भर उन्हाळ्यात हिमालयात जाऊन, अनोळखी माणसांच्या रांगेत उभं राहून, दुसऱ्याच्या शिट्टीवर उठून, दुसरा वाढेल ते खाऊन, दुसरा नेईल तिकडे जाऊन माणसं परत येतात. चेहरा रापलेला असतो, ओठ फुटलेले असतात, चालताना गुडघा कुरकुरत असतो आणि तरी ती आपल्यापेक्षा टवटवीत दिसतात. यामागे हिमालयाची हवा असेल, नाही असं नाही. पण खरं कारण असं की त्यांनी आठवडाभर काहीही ठरवलेलं नसतं. वर्षभर कर्ता पुरुष किंवा कर्ती बाई म्हणून वावरणाऱ्याला कळपातलं मेंढरू व्हायची संधी मिळणं, हे सुख हॉटेलच्या गादीत नाही.

अशी सुट्टी ज्यांनी शोधून काढली त्यांचे व्यवसाय पाहिले की बराच उलगडा होतो. इंग्लंडात लँकेशायरमधल्या कोल्न या गिरणगावात टी. ए. लेनर्ड नावाचे धर्मोपदेशक होते. गिरण्यांना वर्षातून एकदा सलग सुट्टी असे आणि कामगार ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर जाऊन गोंगाटात आणि गुत्त्यात वर्षभराची शिल्लक उडवून येत. लेनर्डना ते बघवेना. 1891 मध्ये त्यांनी आपल्या मंडळींपैकी तीसेक जणांना गोळा केलं आणि लेक डिस्ट्रिक्टमध्ये अँबलसाइडला डोंगर तुडवायला नेलं. दोन वर्षांत, 1893 मध्ये, त्यातून सहकारी तत्त्वावर सुट्ट्या आखणारी संस्थाच उभी राहिली. सुट्टीसुद्धा सहकारी! दूध, साखर, सूत, पतपेढी काहीही न सोडणाऱ्या महाराष्ट्राच्या हातून हे कसं निसटलं याचं नवल वाटतं.

जर्मनीत हेच काम रिचर्ड शिरमान या शाळामास्तरांनी केलं. 1909 च्या ऑगस्टमध्ये पोरांना घेऊन ते पायी सहलीला निघाले असताना वादळी पावसात सापडले. सगळ्यांनी रात्र एका गावच्या शाळेत गवतावर काढली. पोरं झोपली, मास्तर जागे राहिले आणि सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा चालणाऱ्या पोरांना मुक्कामाला का देऊ नयेत, हे त्यांच्या मनात आलं. त्यातून यूथ हॉस्टेलची कल्पना निघाली आणि 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल सुरू झालं. एक धर्मोपदेशक आणि एक मास्तर. माणसांना रांगेत उभं करायची ज्यांना सवय होती त्यांनाच हे सुचावं, यात आश्चर्य कसलं!

अर्थात आपल्याकडे यापेक्षा कितीतरी जुनी शाळा आहे. आळंदीहून पंढरीला निघणाऱ्या वारीत कोणती दिंडी रथाच्या पुढे आणि कोणती मागे, कोणाचा नंबर कितवा, मुक्काम कुठे, विसावा कुठे, हे वर्षानुवर्षं ठरलेलं आहे. तक्रारीचीसुद्धा सोय आहे. संध्याकाळी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि लाखाचा समुदाय गप्प होतो. ज्या दिंडीला काही गाऱ्हाणं असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो आणि आरती सुरू होते. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत टाळ वाटावेत असं मला पुष्कळदा वाटतं. मुद्दा असा, की ‘आज किती चालायचं?’ हा प्रश्न वारकरी स्वतःला विचारत नाही. म्हणूनच तो मजेत अडीचशे किलोमीटर जातो, आणि आपण ‘आज चालायला जाऊ की उद्या?’ यावर विचार करत सोफ्यावर बसून राहतो.

आता कसोलकडे वळू. शिरमान मास्तरांच्या कल्पनेचा भारतीय अवतार, म्हणजे इथली यूथ हॉस्टेलवाली संघटना, दर उन्हाळ्यात हिमाचलात पार्वती नदीकाठच्या या गावी तळ टाकतो आणि तिथून सुमारे 13,800 फुटांवरच्या सर पासकडे तुकडीमागून तुकडी धाडतो. मे महिन्यात त्या तळावर गेलात तर आपण कुलू जिल्ह्यात आहोत की कोथरूडात, असा क्षणभर संभ्रम पडेल. देवदाराखालून ‘अगं, टॉवेल कुठे ठेवलास?’ असा आवाज येत असतो. दोन तंबूंमध्ये बांधलेल्या दोरीवर नाशिकचे मोजे आणि डोंबिवलीची कानटोपी शेजारी शेजारी वाळत असतात. पलीकडच्या तंबूत सुरतचं कुटुंब खाकऱ्याचा डबा उघडून बसलेलं असतं, आणि हिमाचली मनुष्य म्हणून जो कोणी दिसतो तो स्वयंपाकघरात भलीमोठी कढई घासत असतो.

तळावर पोचल्यावर पहिली गोष्ट घडते ती म्हणजे तुमचा गटक्रमांक ठरतो. घरी तुम्ही मुख्य व्यवस्थापक असाल, विभागप्रमुख असाल, हृदयाचे डॉक्टर असाल. इथे तुम्ही अमुक नंबरच्या गटातले एक. थाळी आपली आपण आणायची, रांगेत उभं राहून वाढून घ्यायची, खाल्ली की आपली आपण धुवायची. नळाचं पाणी मे महिन्यातही असं असतं की पहिल्या पाच सेकंदांत बोटं ठणकतात आणि पुढे ती आपली आहेत की शेजाऱ्याची हे कळेनासं होतं. ज्यांनी लग्नानंतर ओट्याकडे ढुंकून पाहिलं नाही ते गृहस्थ तिथे राखेने डबा घासताना दिसतात आणि त्यांच्या सौभाग्यवती दोन पावलं मागे उभ्या राहून तो सोहळा मोबाइलमध्ये टिपत असतात. त्या चित्रफितीचा पुढे घरी कसा उपयोग होतो हे सांगायला नको.

पहिले एक-दोन दिवस शरीराला उंचीची सवय करण्यात जातात. पहाटे मैदानावर व्यायाम असतो. घेणारा मुलगा आपल्या धाकट्या चिरंजीवांहून लहान असतो आणि तो खणखणीत आवाजात ‘अंकल, घुटना और ऊपर!’ असं फर्मावतो. सोसायटीत लिफ्ट आल्यापासून ज्यांनी जिना पाहिलेला नाही असे काका निमूटपणे गुडघा वर करतात. हेच घरी डॉक्टरांनी सांगितलं होतं, बायकोने सांगितलं होतं, टीव्हीवरच्या बाबांनी तर फुकट सांगितलं होतं. तेव्हा ऐकलं नाही. शिट्टीत काय ताकद आहे बघा.

त्यानंतर येतो सॅक हलकी करण्याचा कार्यक्रम. वर न्यायचं तेवढंच सॅकमध्ये भरायचं आणि बाकीचं सामान तळावरच्या क्लोक रूममध्ये टाकायचं, असा नियम असतो. मराठी माणसाचं काळीज पाहायचं तर या वेळी पाहावं. आधी जास्तीचे कपडे बाहेर निघतात. त्याचं दुःख कोणालाच नसतं. मग पुस्तक निघतं, हेही समजण्यासारखं आहे. मग उशी निघते. पण खाली हात गेला की तिथे भाजणीची पुडी, मेतकूट, लसणीची चटणी, बाकरवडी, राजगिऱ्याच्या वड्या आणि आईने दिलेले डिंकाचे लाडू. इथे मात्र माणूस थबकतो. टॉर्चच्या जादा बॅटऱ्या खाली ठेवतो आणि लाडू वर नेतो. गाइड सॅक उचलून बघतो आणि ‘इसमें पत्थर हैं क्या?’ असं विचारतो. तिसऱ्या दिवशी त्याच गाइडला तो पत्थर दिला की तो आणखी एक मागतो, ही गोष्ट वेगळी.

चालायला निघाल्यावर गटाचे आपोआप तीन भाग पडतात. पुढे असतात ते चालत नाहीत, शर्यत लावतात. त्यांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ असतं आणि डोळे त्या घड्याळावर, त्यामुळे वाटेवरचा फुललेला बुरांस त्यांना परतल्यावर इतरांच्या फोटोत पाहायला मिळतो. शेवटी असतात ते फोटो काढणारे, फोटो काढून घेणारे, बुटांची नाडी बांधणारे आणि दर वळणावर ‘अजून किती?’ विचारणारे. या प्रश्नाला सर्व हिमालयात एकच उत्तर आहे, ‘बस, आधा घंटा.’ पहाटे निघताना विचारा, अर्धा तास. दुपारी विचारा, अर्धा तास. मुक्कामाचे तंबू समोर दिसत असताना विचारलं तरी तो अर्धा तास कमी होत नाही. ‘थोड़ी सी चढ़ाई है, फिर सब प्लेन है’ हे दुसरं आश्वासन. त्यातलं प्लेन म्हणजे पुढची चढण सुरू होण्याआधी मध्ये जे दहा पावलं असतं ते.

मधला भाग सगळ्यांत सुखी. ना पुढच्यांसारखं नाव राखायचं, ना मागच्यांसारखं नाव घालवायचं. पुढच्याच्या टाचेकडे बघायचं, ती जिथून उठली तिथे आपलं पाऊल ठेवायचं, बस. आणि गंमत अशी की हिमालय या मधल्यांच्याच बाजूने आहे. सर पासच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 60 टक्केच उरतो. प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू त्या मानाने कमी. जो भराभर चढतो त्याचंच डोकं आधी धरतं, त्यालाच आधी मळमळतं आणि रात्री सूप नको म्हणून तोच आडवा पडतो. ‘सावकाश चला, पाणी पीत राहा’ एवढं पाळणाऱ्या आजीबाई संध्याकाळी त्याच्या उशाशी बसून त्याला सुंठ चघळायला देतात. आयुष्यभर मागे राहिलेल्यांना हे जग कुठे न्याय देत असेल तर साडेबारा हजार फुटांच्या वर.

एका रांगेत चालण्याचा आणखी एक फायदा आहे आणि तो कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. चालताना समोर चेहरा नसतो, पाठ असते. मराठी माणूस चेहऱ्याशी बोलताना हवा-पाणी आणि राजकारण यापलीकडे जात नाही. पण पुढे एक निळी सॅक डुलत चालली आहे, तिच्या मालकाचं आडनाव नीट माहीत नाही आणि उद्यानंतर तो भेटेलच असं नाही, अशा वेळी तो मोकळा होतो. ग्रहण गावाकडे जाणाऱ्या वाटेवर, डाव्या हाताला ओढा खळाळत असताना, एका सी.ए.ने आपल्याला खरं म्हणजे तबला वाजवायचा होता हे पुढच्या सॅकला सांगितलं. पुढच्या सॅकनेही मागे न बघता सांगितलं की आपण नोकरी सोडून आलो आहोत आणि घरी अजून माहीत नाही. मध्ये चढ लागला तेव्हा दोघेही गप्प झाले. चढ संपल्यावर सी.ए.ने विचारलं, ‘मग पी.एफ. काढलात का?’ संवाद पुन्हा सुरू झाला. माणूस डोंगरावर जातो, त्याचा व्यवसाय मात्र क्लोक रूममध्ये राहत नाही.

पॅक लंचची वेळ ही गटातल्या राष्ट्रीय एकात्मतेची वेळ. सकाळी डब्यात भरून घेतलेल्या पुऱ्या आणि छोले दुपारी उघडेपर्यंत एकजीव झालेले असतात. त्यावर उपाय म्हणून सगळ्यांचे खिसे उघडतात. मग खाकऱ्यावर मेतकूट, पुरीला आंध्रची गनपावडर चटणी, बाकरवडीच्या बदल्यात बंगाली चानाचूर असे व्यवहार सुरू होतात. बाकरवडीचा भाव उंचीबरोबर वाढत जातो. तळावर एकीला एक चिवड्याची मूठ, पहिल्या मुक्कामावर दोन, आणि पार वर, नगारूच्या मुक्कामावर तर एका बाकरवडीसाठी एका तरुणाने रात्रीचा पाण्याचा कॅन ओढ्यावरून आणून दिला. त्यात वाटेवर एखादी ताडपत्रीची टपरी लागते, आतून मॅगीचा वास येतो आणि पुरी-छोल्यांनी पोट भरलेली पन्नास माणसं उपाशी असल्यागत आत शिरतात. पुण्यात मैदा विष आहे असं सांगणाऱ्या काकू तिथे ‘भैया, उसमें अंडा भी डालो’ म्हणतात.

संध्याकाळ झाली की कॅम्पफायर. या कॅम्पफायरचं वैशिष्ट्य असं की त्यात फायर नसतो. जंगलाची लाकडं जाळायची नाहीत, या चांगल्या कारणासाठी ती पद्धत पडली आहे. मधोमध एक कंदील किंवा टॉर्च ठेवायचा, भोवती शाली पांघरून बसायचं आणि आगीची कल्पना करायची. नसलेल्या आगीकडे तळवे शेकायला धरणारी माणसं मी पाहिली आहेत. मग कार्यक्रम. दिवसभर ज्याने तोंड उघडलं नव्हतं तो गृहस्थ अचानक उठून नाट्यगीत घेतो आणि सोडत नाही. सुरतकर मंडळी गरबा सुरू करतात आणि चढणीवर ज्यांचे गुडघे गेले होते ते सगळे गुडघे त्या वेळी परत येतात. एक कवी प्रत्येक गटात असतोच. त्याच्यासाठी बोर्नव्हिटाची वेळ राखून ठेवलेली असते. गरम बोर्नव्हिटाची शिट्टी वाजली की श्रोते पसार होतात आणि कोणाचंही मन दुखावलं जात नाही. मराठी कविसंमेलनांनी ही व्यवस्था जरूर अभ्यासावी.

रात्र तंबूत. आठ-दहा माणसं, स्लीपिंग बॅगा, मध्ये हातभर जागा नाही. इथे माणसाची खरी ओळख होते, कारण घोरण्याला जात, पद, प्रांत काही नाही. काहींचं घोरणं संथ लयीतलं, काहींचं अडखळत जाणारं, आणि एखाद्याचं असं की मध्येच पूर्ण थांबतं. मग सगळा तंबू काळजीने श्वास रोखून वाट बघतो. पुन्हा सुरू झालं की सगळे निवांत होऊन कूस बदलतात. सकाळी हेच सहवासी टॉयलेट टेंटच्या रांगेत, हातात बाटली, डोक्याला माकडटोपी, अशा वेषात एकमेकांना ‘गुड मॉर्निंग’ करतात. ज्या माणसाला तुम्ही या अवस्थेत पाहिलंय त्याच्याशी पुढे कधी औपचारिक बोलता येत नाही. पहिल्या दिवशीचे ‘सर’ आणि ‘मॅडम’ म्हणूनच तिसऱ्या दिवशी काका आणि ताई झालेले असतात. वारीत तर सगळेच एकमेकांना माउली म्हणतात. आमच्या लोकांना तेवढी मजल मारायला आणखी थोडी चढण लागेल.

खिंड ओलांडायच्या दिवशी शिट्टी मध्यरात्रीनंतर केव्हातरी वाजते. कारण साधं आहे. रात्रीच्या थंडीने बर्फ घट्ट असतो आणि ऊन चढलं की तो भुसभुशीत होऊन पाय मांडीपर्यंत आत जातो, म्हणून सूर्य वर यायच्या आत बरीचशी वाट संपवायची. अंधारात टॉर्चची एक ओळ वर सरकत असते. सगळ्यांत पुढचा गाइड बुटाच्या टोकाने बर्फात पायरी खणतो. दुसरा तीत पाय ठेवतो, तिसरा ती जरा रुंद करतो, आणि पंचविसाव्यापर्यंत येता येता तिचा जिना झालेला असतो. गटात जायचा फायदा काय, असं कोणी विचारलं तर मी ही पायरी दाखवतो. एकट्याने ती प्रत्येक वेळी नव्याने खणावी लागली असती. इथे आपण फक्त पुढच्याच्या टाचेवर नजर ठेवायची.

खिंडीवर पोचल्यावर घोषणा होतात. मराठी मंडळी ‘छत्रपती शिवाजी महाराज की जय’ म्हणतात, आणि सुरत, कोलकाता, विजयवाडा सगळेच ‘जय’ला साथ देतात. त्यानंतर येते ती बर्फावरची घसरण, आणि गटाने चालण्याच्या सुखाचं हेच शिखर. उतार तीव्र, खाली पांढरं मैदान. गाइड सांगतो, ‘बैठो, पैर सीधे, डंडा बगल में, और छोड़ दो.’ यातलं ‘छोड़ दो’ सगळ्यांत अवघड. बँकेतून निवृत्त झालेले एक काका बर्फावर बसले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची कर्जं नाकारली होती, कागदपत्रं अपुरी म्हणून माणसं परत पाठवली होती. त्यांनी विचारलं, ‘पण खाली थांबायचं कसं?’ गाइड म्हणाला, ‘अपने आप.’ काकांना हे उत्तर मान्य होण्यासारखं नव्हतं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून रांगेने किंचित ढकललं आणि काका सुटले. आधी ‘अरे अरे’ ऐकू आलं, मग काहीच नाही, मग खालून एक असा आवाज आला की सगळे दचकले. काका हसत होते. पँट ओली, चष्मा कपाळावर, टोपी अर्ध्या वाटेत, आणि दोन्ही हात वर. मग ते वर बघून ओरडले, ‘परत चढून येता येईल का?’

या सुट्टीत सगळंच गोड असतं असं म्हणणं खोटेपणाचं होईल. प्रत्येक गटात एक मनुष्य सॅकला स्पीकर अडकवून येतो आणि पाखरांना सिनेमाची गाणी ऐकवतो. एक जण आपण याआधी केलेल्या ट्रेकच्या मानाने हा काहीच नाही, असं प्रत्येक चढणीवर सांगतो, धापा टाकत. चॉकलेटचे कागद खिशात घालायचे असतात हे काहींना खिसा असूनही कळत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात शनिवार-रविवारी कळसूबाईच्या शिड्यांवर जी गर्दी होते तिला गट म्हणायचं की जत्रा, हाही प्रश्नच आहे. पण यातला कोणताही मनुष्य घरच्या सहलीत भेटला असता तर आपल्याला त्याच्याशी भांडावं लागलं असतं. इथे ते काम गटप्रमुखाकडे असतं. तो शिट्टी वाजवतो, स्पीकर बंद होतो, आणि आपण शेजाऱ्याकडे बघून भुवई उंचावतो. भांडणातला एवढाच भाग आपल्या वाट्याला यावा, यापरतं सुख नाही.

आणि म्हणूनच हे सगळं मित्रांबरोबर केलं तर जमत नाही. मित्रांना मतं असतात, आणि तुमच्याही मतांचा त्यांना वीस वर्षांचा अनुभव असतो. ‘हा नेहमीच उशीर करतो’ हे वाक्य अनोळखी माणसाबद्दल म्हणताच येत नाही. त्याच्या उशिराला अजून इतिहास नसतो. अनोळखी गटात प्रत्येकाला कोरी पाटी मिळते आणि आठवडाभरात ती फार खराब करायला वेळही मिळत नाही.

खरी परीक्षा सुरू होते ती घरी परतल्यावर. आधी गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप होतो. पहिल्या आठवड्यात हजार फोटो, दुसऱ्या आठवड्यात तेच फोटो. मग कोणीतरी लिहितो, ‘एकदा भेटू या ना सगळे!’ आणि तिथे घात होतो. शनिवार की रविवार? पुणे की ठाणे? मिसळ की थाळी? मिसळ, तर कोणती? काळा रस्सा की लाल? ज्या माणसांनी एका शिट्टीवर मध्यरात्री अंथरूण सोडलं, अंधारात बर्फ तुडवला आणि 13,800 फुटांची खिंड ओलांडली, त्यांना दादरला एका हॉटेलात चार वाजता एकत्र जमता येत नाही. तीन महिने चर्चा चालते, मतदान होतं, तारीख निघते, ती पाळत चार जण येतात आणि त्यातले दोघे नवरा-बायको असतात. माणसं तीच आहेत, गुडघेही तेच आहेत. शिट्टी वाजवणारा तेवढा कसोलला राहिला.

तेव्हा वाचकहो, या उन्हाळ्यात कुठे जायचं यावर घरात चर्चा सुरू झाली असेल तर ती तिथेच थांबवा आणि कुठल्याशा गटात नाव घालून मोकळे व्हा. वयाची फार काळजी करू नका, डॉक्टरांना मात्र विचारून घ्या. आपली मतं क्लोक रूममध्ये ठेवा, डिंकाचे लाडू वर न्या, स्पीकर घरी विसरा आणि चालताना पुढे-मागे न करता मधोमध राहा. बूट तेवढे महिनाभर आधी घेऊन पायात मुरवा. स्वतः ठरवायची गोष्ट ती एवढीच.